पेन्सिलीच्या जागी बोट

खानदेशातल्या विंचवांवर आम्हा दोघांच्या पत्रांची एक पातळ पुस्तिका गेल्या वर्षी निघाली. दोघे म्हणजे धुळ्याचे एक डॉक्टर आणि फैजपूरचा मी. तिच्यात एका पानाच्या तळाशी चार ओळींची दुरुस्ती आहे. पुस्तिका वाचलेले लोक, म्हणजे मुख्यतः शाळेतले शिक्षक आणि आमचे नातेवाईक, मला त्या चार ओळींबद्दल विचारतात. विंचवांबद्दल कोणी विचारत नाही. चार ओळींत जे मावलं नाही ते इथे लिहितो.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. डॉक्टरांचा धुळ्यात दवाखाना होता. आमची ओळख एका लग्नात झाली. पंगत उठता उठता मांडवाच्या कडेला एका पाहुण्याला विंचू चावला. डॉक्टर पाहुण्याकडे धावले आणि मी विंचवाकडे. लोकांनी तोवर तो चपलेने ठेचला होता.

"मेला का हो?" मी विचारलं.

"मरत नाही, बरा होईल," डॉक्टर पाहुण्याची नाडी धरून म्हणाले.

"विंचू म्हणतो मी."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "लाल होता का काळा?"

मी पत्रावळीच्या तुकड्यावर उरलेला विंचू उचलून नेला आणि काळाच आहे, इंगळी आहे, असं सांगितलं. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. लाल असता तर त्यांना पाहुण्याला रातोरात दवाखान्यात हलवावं लागलं असतं. काळ्याने ठणका लागतो, पण माणूस जात नाही. पाहुण्याने मात्र, आपल्याला सोडून दोन शिकलेली माणसं पत्रावळीत काय बघताहेत, म्हणून आयुष्यभर आमच्यावर राग धरला.

डॉक्टरांकडे रद्दीच्या दुकानातून आणलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. राणीच्या काळातल्या गोऱ्या डॉक्टरांनी आणि प्राणी गोळा करणाऱ्या साहेबांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं त्यात होती. पहिली पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे ते साहेब कोण हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्यातल्या दोघांचा एकच वाद अर्धं पुस्तकभर चालला होता. निखाऱ्यांच्या रिंगणात ठेवलेला विंचू स्वतःला नांगी मारून जीव देतो की नुसता उष्णतेने वेडावाकडा होतो? प्रत्येक पत्रात आधी हवामान, मग स्वतःचं पोट, मग बायकोची तब्येत आणि शेवटी विंचू. वाद मिटतच नाही. पुस्तक संपतं.

डॉक्टरांना हे फार आवडलं होतं. "आपण असंच करायचं, सर," ते म्हणाले. "शास्त्र पत्रात. फोनवर शास्त्र नाही."

हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. फोन आले, मग मोबाइल आले. मी फोन केला की ते गुडघ्यांबद्दल बोलत, मुलांच्या नोकऱ्यांबद्दल बोलत. मी चुकून म्हणालो की काल केळीच्या पाल्यात एक गोम सापडली, की ते म्हणत, "पत्रात." समोरासमोर भेटलो तरी तेच. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी मांडवात त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगायला गेलो, तर त्यांनी वरबापासमोर माझ्यापुढे हात आडवा धरला. वरबापाला वाटलं, मी हुंड्याबद्दल काही बोलतो आहे.

दुसरा नियम खुणांचा. पत्रातल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात तीनपैकी एक शब्द लिहायचा: ऐकलं, पाहिलं किंवा केलं. डॉक्टर म्हणत की पेशंटचं बोलणं ते मनातल्या मनात असंच लावून घेतात. "तीन दिवस ताप आहे" हे ऐकलं. थर्मामीटर हे पाहिलं. सुई टोचली हे केलं. ज्या पत्रात एकही "पाहिलं" नसेल ते टाकायचं नाही, पोस्टाचा खर्च वाचवायचा.

विंचू आम्ही इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत, स्पिरिटमध्ये बुडवून, कापसात गुंडाळून पाठवत असू. आमच्या पोस्टातल्या बाईंनी एकदा पुडकं हलवून विचारलं, "याच्यात काय हाये, सर?"

"औषधाची बाटली."

"मंग हे पाय कशाचे दिसता?"

त्यानंतर मी कापूस जास्त लावू लागलो.

माझ्या पत्रांत "पाहिलं" भरपूर असे. विंचू कुठे राहतो, काय खातो, अंधारात कसा बाहेर येतो. "केलं" मात्र जवळजवळ नसेच. डॉक्टरांचं उलट होतं. एका पावसाळ्यात त्यांनी एका इंगळीला मुद्दाम आपल्या दंडावर नांगी मारू दिली आणि कळ कशी चढली, कुठवर गेली, कधी उतरली, याचं दीड पान लिहून पाठवलं. दीड पानभर समासात एकच शब्द होता: केलं, केलं, केलं.

ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी पगारी प्राणिशास्त्रज्ञ होतो आणि ते फावल्या वेळात हे करत होते. मला त्या वेळी काय वाटलं त्याला चांगला शब्द नाही. मत्सर म्हणावा तर मी त्यांच्यावर प्रेम करत होतो.

त्याच सुमारास कॉलेजच्या मागे विटांच्या ढिगात मला एक लाल विंचवीण सापडली. पाठीवर पिल्लं. पांढरी, मऊ, तांदळाच्या कण्यांसारखी, एकमेकांवर चढलेली. गावात लोक सांगत की पिल्लं आईला खाऊन बाहेर पडतात. ते खोटं आहे हे मला दाखवायचं होतं आणि ते मी दाखवलंही. बरेच दिवस काचेच्या बरणीत पाहिलं. आई शाबूत राहिली, पिल्लं उतरून पांगली. हे सगळं खरं आहे.

मध्ये एकदा मी पेन्सिल उलटी धरून तिच्या तोंडाशी नेली. तिने नांगी उचलली, पण मारली नाही. थोडी मागे सरकली. पुन्हा नेली, पुन्हा मागे सरकली. मला वाटलं, पिल्लं पाठीवर असताना ती नांगी मारत नसावी. असं वाटायला हरकत नव्हती. मी कच्च्या पत्रात लिहिलं, "पेन्सिल जवळ नेली, नांगी मारली नाही." समासात लिहिलं, पाहिलं.

पत्र पक्कं लिहिताना पेन्सिलीच्या जागी मी "बोट" लिहिलं. आणि समासात "केलं."

मुद्दाम नव्हतं असं म्हणणार नाही. हात काही आपोआप लिहीत नव्हता.

डॉक्टरांचं उत्तर यायला या वेळी उशीर झाला. आलं ते कंपाउंडरच्या अक्षरात. "हात कामात आहे म्हणून लिहवून घेतो. तुमचा प्रयोग मीही करून पाहिला. निष्कर्ष तोच. अभिनंदन." खाली सही तेवढी त्यांची, तीही वाकडी.

मला हायसं वाटलं. मी न केलेली गोष्ट खरी निघाली होती. पुढे वर्षं गेली आणि मी स्वतःशीही ती गोष्ट "केलेली" म्हणूनच सांगू लागलो. वर्गातही सांगितली. विद्यार्थी बोटाकडे बघत.

गेल्या वर्षी धुळ्याच्या काही उत्साही मंडळींनी डॉक्टरांना गाठलं. ही पत्रं छापायची, शाळाशाळांतून वाटायची. डॉक्टरांचं वय झालेलं. आयुष्यात त्यांनी दुसरं काही छापलेलं नव्हतं. छापखान्यातून कच्ची पानं माझ्याकडे तपासायला आली आणि त्यांच्यात ते पान चौकटीत होतं. "पिल्ले पाठीवर असताना विंचवीण नांगी मारत नाही. दोन्ही लेखकांनी हे स्वतंत्रपणे स्वतःच्या हाताने पडताळले आहे." शेजारी चित्र. विंचवीण, पाठीवर पिल्लं आणि पुढे आलेलं बोट. बोट लहान मुलाचं होतं. चित्रकाराला कोणी तसं सांगितलं नव्हतं. पुस्तिका शाळेसाठी आहे म्हणून त्याने आपणहून मुलाचा हात काढला होता.

मी ते पान उलटं ठेवलं आणि बाकीची तपासली. मग ते सुलटं केलं. त्या चित्रातल्यासारखा हात आमच्या गल्लीत कोणत्याही घरात आहे आणि विटांचे ढीगही आहेत. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याची एसटी धरली.

डॉक्टरांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, ओट्यावर मेथी निवडत होत्या. "बसा भाऊ. आंघोळ करी ऱ्हायनात त्या."

त्या म्हणजे डॉक्टर. चहा आला. त्या बोलत राहिल्या. पुस्तिकेबद्दल त्यांना फार कौतुक नव्हतं. "बठ्ठं घर विंचूनं भरेल शे. त्या एक साले तर बुटमाच निंघना."

"बुटात?"

"तुमले सांगं नही का त्यासनी? पोरगीनं लगन झायं, त्याच साले. बुटमा लाल विंचू व्हता, हातले चावना. घाम घाम व्हई गयथा, हातपाय गार. मी बठ्ठी रात उशाले बसेल व्हती." त्यांनी मेथीची जुडी झटकली. "तवयपाईन रोज सकाळले मी त्यासना बूट झटकस. आज बी झटकना."

पोरीचं लग्न, तेच वर्ष, हाताला चावलेला लाल विंचू. कंपाउंडरच्या अक्षरातलं पत्र त्याच वर्षाचं होतं. बूट हाताने घालत नाहीत, हेही मला तेव्हाच सुचलं, पण वहिनींना इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं, म्हणून मी चहा प्यायलो.

डॉक्टर टॉवेलने कान पुसत आले. "पानं आणलीत का?"

मी मनात तयारी करून आलो होतो, ती विसरलो. "डॉक्टर, चौकटीतलं ते पान काढायचं. मी बोट लावलं नव्हतं. पेन्सिल लावली होती."

डॉक्टर खुर्चीवर बसले. "टोकाकडून का मागून?"

"मागून."

"किती वेळा?"

"दोनदा."

त्यांनी मान हलवली, पेशंटने दुखणं नीट सांगितलं की हलवतात तशी. मग म्हणाले, "आणि 'केलं' लिहिलंत."

"हो."

"'पाहिलं' लिहिलं असतं तरी मला चाललं असतं, सर. चांगलंच निरीक्षण होतं."

मी विचारलं, "तुमच्या बुटातला तो विंचू..."

"हळू बोला." त्यांनी ओट्याकडे पाहिलं. "बुटात नव्हता."

"मग तिने तुम्हाला नांगी मारली होती. आणि तुम्ही मला 'निष्कर्ष तोच' लिहिलंत?"

"तुमच्या बोटाला मारली नाही आणि माझ्या बोटाला मारली, म्हणजे चूक माझी. मला वाटलं, माझा हात थरथरला असणार. तुमचा स्थिर असेल. तुम्ही त्यातलं शिकलेले." त्यांनी टॉवेलची घडी केली. "म्हणून महिन्याभराने दुसरी आणून पुन्हा केलं. ती मागे सरकली. तेच कळवलं."

"पण पत्र तर महिना व्हायच्या आतच आलं होतं. कंपाउंडरच्या अक्षरात."

डॉक्टरांनी टॉवेलची घडी मोडली. "मग कळवलं आधी आणि केलं नंतर. मला खात्री होती ना."

"कसली?"

"तुमची."

मी ओट्याकडे पाहिलं. बराच वेळ तिकडून आवाज नव्हता हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात मेथीची चाळणी.

"म्हनजे बुटमा नव्हता?"

"अगं, ते शास्त्राचं आहे."

"इतला वरीस मी काय रिकामा बूट झटकस का? आतेपाईन तुम्हना तुम्ही झटका!" मग माझ्याकडे वळून, "आनि भाऊ, तुम्ही बी काय कमी नही." चाळणी घेऊन त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

आम्ही पानाबद्दल भांडलो. मी म्हणत होतो, पान गुपचूप काढू, जागा कमी पडली म्हणून सांगू. डॉक्टर म्हणत होते, पान राहील आणि खाली खरं काय ते येईल. "त्या साहेबांनी चुका खोडल्या असत्या तर आपण काय वाचलं असतं?"

"मग तुमचंही यायला हवं," मी म्हणालो. "तुम्हीही न केलेलं कळवलंत."

"मी नंतर केलं. तुम्ही कधीच केलं नाही. फरक आहे."

"आपल्याला आहे. बोट लावणाऱ्या पोराला नाही."

डॉक्टरांनी चौकटीतलं चित्र पुन्हा हातात घेतलं. चष्म्याजवळ नेलं. "हात मुलाचा आहे," ते म्हणाले. ते त्यांना तोवर दिसलं नव्हतं. मग त्यांनी कागद घेतला आणि मी सांगायची वाट न पाहता स्वतःच लिहिलं: वरील निष्कर्ष चुकीचा आहे. एका लेखकाने बोट लावलेच नव्हते. दुसऱ्याला पहिल्या वेळी नांगी बसली व ती त्याने कळवली नाही. विंचवाला कोणत्याही स्थितीत हात लावू नये.

"शेवटचं वाक्य शास्त्र नाही, सूचना आहे," मी म्हणालो.

"असू द्या."

चित्र काढून टाकायचं ठरलं. मला वाटलं, आता जेवून निघावं. पण डॉक्टरांनी उरलेली सगळी पानं पुढ्यात ओढली आणि लाल पेन काढलं.

"बाकीची तुमची 'केलं' खरी आहेत?"

"खरी आहेत."

"सगळी?"

"सगळी. शपथ."

"तुम्ही सांगताय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्या पत्रांत जिथे जिथे "केलं" होतं तिथे त्यांनी ते खोडलं आणि वर "ऐकलं" लिहिलं. फार नव्हती, म्हणून फार वेळ लागला नाही. प्रत्येक वेळी खोडण्याआधी ते वाक्य पूर्ण वाचत. एका ठिकाणी ते थांबले. "हे मी मित्रांना सांगत असे," ते म्हणाले, आणि खोडलं.

वहिनींनी जेवू घातलं. शेवभाजी तिखट होती आणि मुद्दाम तशी केली होती असं मला वाटलं. डॉक्टर मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत गुडघ्यांबद्दल बोललो. बूट त्यांनी निघताना स्वतः झटकले होते.

पुस्तिका निघाली. दोनतीन महिने पत्र आलं नाही. मी लिहिलं नाही, कारण कळवायला काही असलं तरी ते कोणत्या खुणेखाली लिहायचं, हे मला कळत नव्हतं. मग त्यांचं कार्ड आलं. हवामान, गुडघे, वहिनी ठीक. खाली: "पाल कात टाकते आणि ती स्वतःच खाते म्हणतात. पाहून कळवा. साक्षीदाराची सही सोबत असावी."

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. मी त्यांना विनंती केली. पुढचे बरेच दिवस संध्याकाळी आम्ही दोघे ओसरीत ट्यूबलाइटखाली खुर्च्या टाकून बसत होतो. मी भिंतीकडे बघत होतो, ते मोबाइलकडे.

"सर, पालीले पाहाले दोन माणसं कायले लागता?" त्यांनी विचारलं.

"एकाचा भरवसा नाही."

"पालीचा का तुमचा?"

एके संध्याकाळी मला दिसलं. पालीच्या अंगावरचं पातळ पांढरं कातडं सुटत होतं. तिने मान वळवली, पुढच्या पायावरचं तोंडात धरलं, ओढलं आणि गिळलं. पाय हातमोजा काढल्यासारखा मोकळा झाला. मी शेजाऱ्यांच्या गुडघ्यावर हात मारला. "पाहिलंत?"

त्यांनी मान वर केली. पाल ट्यूबलाइटच्या मागे गेली होती.

"मी त मॅच पाहत व्हतो. पन आना कागद, मारतो सही. सही मारायले काय जाते?"

पेन माझ्या खिशातच होतं. मी त्यांना चहा दिला आणि घरी पाठवलं. मग पत्र लिहिलं: हवामान, गुडघे, आणि असं की पाल कात खाताना मला दिसली, साक्षीदार हजर होते परंतु मॅच बघत होते, सही करायला तयार होते, मी घेतली नाही. समास कोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं.

उत्तर कार्डावरच आलं, डॉक्टरांच्या स्वतःच्या अक्षरात. "पुन्हा पाहा. शेजारी बदला."

या वयात शेजारी बदलणं कठीण आहे. मी त्यांना मोबाइल घरी ठेवून यायला सांगितलं आहे. ते विचार करून सांगतो म्हणाले.